प्रत आणि परवानगी

नाशिकरोडच्या छापखान्यात 1928 सालापासून चलनी नोटा छापल्या जातात. समजा, त्यातल्या एका नोटेची आपण रंगीत झेरॉक्स काढली. कोपऱ्यावरचा भाजीवालाही ती घेणार नाही, कारण नक्कल हाताला लगेच कळते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका. ती 0 आणि 1 या अंकांत साठवलेली असते आणि अंक उतरवून घेताना काहीच झिजत नाही. दहावी प्रतही पहिलीसारखीच चालते. मग अस्सल प्रत कोणती आणि चोरीची कोणती?

प्रतीकडे पाहून ते कळत नाही. फरक असतो परवानगीचा. सॉफ्टवेअर विकत घेतले असे आपण म्हणतो, पण सहसा आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना. किती संगणकांवर, किती काळ आणि कोणत्या कामासाठी वापरायचे, हे त्यात लिहिलेले असते.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. 1984 च्या दुरुस्तीने त्यात संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृती मानले गेले, म्हणजे कादंबरीला असते तसे संरक्षण मिळाले. 1994 च्या दुरुस्तीने, चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरणाऱ्याला 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड ठरवला. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारण नोंदवून कैद टाळू शकते, पण गुन्हा राहतोच. दुसरीकडे, कायदेशीर प्रत असणाऱ्याला ती खराब झाल्यास हाताशी असावी म्हणून जादा प्रत करून ठेवण्याची मुभाही हाच कायदा देतो.

आम्ही शिकत होतो तेव्हा एका सीडीवरून दहा मित्रांच्या संगणकांवर सॉफ्टवेअर चढत असे. त्यात काही गैर आहे, हे आमच्या मनातही येत नसे. आजचे विद्यार्थी विचारतात, "सर, परवान्याला हजारो रुपये आणायचे कुठून?" प्रश्न रास्त आहे. त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले, शैक्षणिक परवाना. अनेक कंपन्या विद्यार्थ्यांना महागडे सॉफ्टवेअर फुकट किंवा अल्प दरात देतात. महाविद्यालयाचा ई-मेल किंवा ओळखपत्र दाखवावे लागते. मात्र असा परवाना बहुधा शिक्षणापुरताच असतो. त्यावर एखाद्या ठेकेदाराला पैसे घेऊन घराचा आराखडा काढून दिला, तर अट मोडली.

दुसरे, मुक्त सॉफ्टवेअर. 'मुक्त' हा शब्द नाशिककरांना नवा नाही. 1989 साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ इथलेच. तिथे शुल्क भरावे लागते. मुक्त म्हणजे मोफत नव्हे. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे आलेल्या कल्पनेप्रमाणे मुक्त सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता येते, आतून अभ्यासता येते, इतरांना देता येते आणि बदलून वाटता येते. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून तिथे घोटाळा होतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते वेगळेच ठेवावेत. उलट जे फुकट मिळते ते सारे मुक्त असतेच असे नाही.

गणिती कामासाठी मॅटलॅब परवडत नसेल तर सायलॅब किंवा ऑक्टेव्ह आहे. लेखन व तक्त्यांसाठी लिबर ऑफिस आहे. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहिली आणि त्याचे मानधनही त्यांना मिळाले. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीतून ऐकता येतात.

चोरीच्या प्रतीत आणखी एक धोका असतो. परवान्याचे कुलूप तोडताना आतल्या आज्ञा कुणीतरी बदललेल्या असतात. त्याबरोबर आणखी काय घुसवले, हे आपल्याला दिसत नाही. वर्षभराचा प्रकल्प ज्या संगणकात आहे, तो अशा अनोळखी हातात द्यावा का?

शिक्षकांनी एक करून पाहावे. प्रयोगशाळेतल्या एका सॉफ्टवेअरचा परवाना मुलांना वाचायला द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: किती संगणक? किती काळ? कोणते काम? उत्तरे सापडली नाहीत, तर आधी आपल्याच प्रयोगशाळेतले परवाने तपासून घ्यावेत.