पळणारी दोघे आणि मागावरचा भाऊ

कोणत्याही जुन्या वाचनालयात जा आणि कपाटातल्या पुस्तकांच्या कडा पाहा. थोरामोठ्यांचे समग्र वाङ्मय कोऱ्या वहीसारखे राहिलेले असते, आणि रहस्यकथांची पाने मात्र हाताळून हाताळून पापडासारखी झालेली असतात. आम्हां मराठी शिकवणाऱ्या मंडळींना हे पाहून नाक मुरडण्याची सवय आहे. मी त्या मळक्या पानांना मान देते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी जितक्या माणसांना वाचनाची गोडी लावली, तितक्यांना आम्ही फळ्यापुढे उभे राहून लावली असेल की नाही, शंकाच आहे.

या रहस्यकथांच्या कुळात एक शाखा अशी आहे, की तिच्यात 'गुन्हेगार कोण' हे आरंभीच ठाऊक असते. एक तरुण, एक तरुणी, जवळ थोडेसे पैसे आणि मागे पाठलाग. रहस्य उरते ते एवढेच : ही दोघे निसटतील का? आमच्या अलिबागला हा खेळ समुद्र रोज खेळतो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चक्क पायी जाता येते. भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते आणि वेळ न पाहणारा पलीकडेच अडकतो. पळणाऱ्या जोडप्याच्या कथेतली धडधड हीच. वाट आहे, पण ती घड्याळाच्या काट्यावर.

ही कथा अमेरिकेने विशेष गाजवली. १९५० साली जोसेफ लुईस यांचा 'गन क्रेझी' हा चित्रपट आला. त्यात बँक लुटण्याचा एक प्रसंग आहे, आणि गंमत अशी की बँक आतून दिसतच नाही! कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला. तरुण आत जातो, बाहेर एक पोलीस येऊन उभा राहतो, आणि तरुणी खाली उतरून त्याला गप्पांत गुंतवते. आपण मात्र गाडीतच. पोलीस दिसताच हायसे वाटायला हवे, तर उलट आपल्याच छातीत धस्स होते. आयुष्यभर वीजबिल मुदतीच्या आत भरणारी आपण सज्जन माणसे तीन-साडेतीन मिनिटांत त्या दोघांची साथीदार होऊन बसतो. या कथांची सारी जादू त्या मागच्या सीटमध्ये आहे.

खऱ्या जगातली अशी जोडी म्हणजे बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो. ती २३ वर्षांची, तो २५ वर्षांचा. २३ मे १९३४ रोजी लुइझियानात पोलिसांनी रस्त्याकडेला दबा धरून त्यांच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. त्यांच्या टोळीच्या नावावर तेरा खून मांडले जातात, हे विसरून चालणार नाही. १९६७ साली आर्थर पेन यांच्या चित्रपटाने त्यांना देखणे चेहरे दिले आणि जग त्यांच्यावर भाळले. तरीही या जातीच्या चांगल्या कथा पळण्याचे काव्य फार वेळ टिकू देत नाहीत. मोटारीत झोपून आखडलेली पाठ, संपत आलेले पैसे, एकमेकांवरची चिडचिड, हे सारे त्या दाखवतात. प्रेमकथा लग्नाशी थांबते. ही कथा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे काय, असे विचारते. म्हणूनच संसारी माणसाला ती खरी वाटते.

आता कोणी म्हणेल, ही परदेशी थेरे आपल्याकडे कशाला? तर वाचकहो, आपल्या देवघरात पाहा. विदर्भातल्या कौंडिण्यपूरच्या राजकन्येचे लग्न शिशुपालाशी ठरले आहे. ती एका ब्राह्मणाहाती गुप्त पत्र धाडते, देवीच्या दर्शनाला म्हणून बाहेर पडते, आणि भर गर्दीतून श्रीकृष्णाच्या रथात बसून निघून जाते. मागे सैन्य! संत एकनाथांनी हे 'रुक्मिणीस्वयंवर' शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, काशीत पूर्ण केले. आणि मौज पाहा : मुलीचे लग्न लवकर जमावे म्हणून तिला हीच पोथी वाचायला बसवण्याची आपल्याकडे चाल आहे. पळून गेलेल्या मुलीची कथा वाच, म्हणजे आम्ही ठरवू त्या मुलाशी तुझे लग्न होईल!

एकदा हा भाग शिकवत असताना मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, रुक्मिणीच्या रथामागे सगळ्यांत पुढे कोण धावले?" मी म्हटले, "रुक्मी. तिचा भाऊ." ती काही न बोलता खाली बसली. वर्गही गप्प झाला.

त्या प्रश्नाने मला आपल्या आणि परक्या कथेतला भेद दाखवला. अमेरिकन जोडप्याच्या मागे वर्दी असते. आपल्याकडे मागावर असतो तो घरचा माणूस. म्हणून आपली पळणारी दोघे चोर नसली, तरी त्यांना चोरांसारखे लपावे लागते. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला आणि मराठी चित्रपटाने प्रथमच शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. पूर्वार्धातल्या गाण्यांवर लोक थिएटरात नाचले. उत्तरार्धात आर्ची आणि परशा हैदराबादच्या झोपडपट्टीत संसार मांडतात, भांडतात, सावरतात. आणि शेवटी माहेरच्या भेटवस्तू घेऊन दाराशी येतो तो तिचा भाऊ. ती त्याच्यासाठी चहा करते. पुढचे आपणांस ठाऊक आहे. नाचणारे लोक मुकाट घरी गेले. त्यानंतर 'सैराटची पुनरावृत्ती' असा मथळा वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा वाचावा लागला, हे आपले दुर्दैव.

कायदा या दोघांच्या बाजूने आहे, पण त्यालाही घड्याळ लावलेले आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असावे लागते. मग नोटीस द्यायची. ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लागते, आणि आणखी तीस दिवस थांबायचे. ज्यांच्यापासून लपायचे, त्यांनाही ती नावे वाचता येतात! अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावेत आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सांगितले. परंतु भरतीच्या आधी पोहोचायचे कसे, हा प्रश्न त्या दोघांपुढे राहतोच.

अंधाऱ्या थिएटरात आपण सगळे मागच्या सीटवर असतो. दिवे लागले आणि गोष्ट आपल्या घरात घडू लागली, की आपण गाडी बदलतो आणि पाठलाग करणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसतो. हे बदलायचे असेल तर त्याचाही धडा आपल्या रंगभूमीने देऊन ठेवला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'सौभद्रा'त सुभद्रेला दोन भाऊ आहेत. बलराम तिला दुर्योधनाला देऊ पाहतो. श्रीकृष्ण मात्र तिच्या मनात कोण आहे ते ओळखून अर्जुनाची वाट मोकळी करतो. एकाच घरातले, एकाच बहिणीचे हे दोन भाऊ. आणि आपण टाळ्या कोणाला देतो, हे सांगायला नको.

चार दिवसांवर भाऊबीज आली आहे. घरोघरी पाट मांडले जातील, निरांजने लागतील, ओवाळणीची पाकिटे तयार होतील. त्या पाकिटाबरोबर भावाने बहिणीला आणखी एक शब्द द्यावा : "तुझ्या मनात कोणी असेल तर आधी मला सांग. पळायची वेळ मी येऊ देणार नाही." मग पाठलागाच्या कथा आपण खुशाल पुस्तकात वाचू, रात्र रात्र जागून.