पपईचा चीक व पेपेन : हाताळताना घ्यावयाची काळजी

कच्च्या पपईला चिरा देऊन काढलेला पांढरा चीक वाळविला म्हणजे पेपेन तयार होते. मांस मऊ करणे, बीअर नितळ ठेवणे, कातडी कमावणे व औषधे बनविणे यांसाठी त्याचा उपयोग होतो. पेपेन हे प्रथिनांचे विघटन करणारे विकर आहे. उद्योगधंद्यांत उपयोगी पडणारा हाच गुण निष्काळजीपणामुळे शरीरास बाधतो. कारण आपली त्वचा व डोळेही मुख्यतः प्रथिनांचेच बनलेले आहेत.

ओला चीक : फळे अडीच ते तीन महिन्यांची झाली म्हणजे सकाळी १० वाजण्यापूर्वी चीक काढतात. फळे उंचावर असल्यास चीक हातांवर व तोंडावर ठिबकतो. त्यामुळे त्वचेची आग होते, ती लाल होते व फोड येतात. डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. यासाठी रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व डोळे झाकणारा चष्मा वापरावा. डोळ्यात चीक गेल्यास स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे डोळा धुवावा व ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

वाळलेली भुकटी : हिचा धोका अधिक असून तो सहजासहजी लक्षात येत नाही. दळताना व चाळताना उडालेली धूळ श्वासावाटे आत जाते. प्रारंभी काही महिने त्रास होत नाही; नंतर शिंका, खोकला, धाप व दमा सुरू होतो. एकदा अशी बाधा जडली म्हणजे अगदी थोडी भुकटीही पुरते. दळण्याचे काम बंदिस्त यंत्रात करावे. सांडलेली भुकटी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावी. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नसतो. धूळरोधक मुखपट्टी हवी.

पिकलेल्या फळात चीक फारच थोडा असतो. त्यामुळे सर्वसाधारण माणसाने पिकलेली पपई खाण्यास भिण्याचे कारण नाही. मात्र पेपेनची बाधा जडलेल्यांनी ती टाळावी. गंभीर प्रतिक्रियांच्या तक्रारी आल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली पेपेनयुक्त विनापरवाना मलमांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला होता.

ग्रामसेवकांनी एक खूण ध्यानात ठेवावी. कामाच्या दिवशी वाढणारा व सुट्टीत कमी होणारा खोकला ही साधी सर्दी समजू नये. अशा मजुरास त्वरित डॉक्टरांकडे पाठवावे व भुकटीपासून दूर असलेले काम द्यावे.