बदकांच्या शिकारीची नौका : डागडुजी व सज्जता

दलदली, उथळ सरोवरे, खाड्या व नदीमुखे यांत रानबदकांची शिकार करण्यासाठी वापरण्यात येणारी, उथळ तळाची व पाण्यावर फारच थोडी उंच दिसणारी लहान नौका. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिचे अनेक प्रादेशिक प्रकार आढळतात. जुनी नौका विकत घेऊन, तिची डागडुजी करून ती शिकारीच्या कामास जुळती करून घेण्याची तेथे फार दिवसांची प्रथा आहे. या कामात दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. पक्ष्यांच्या नजरेस पडू नये म्हणून नौका ठेंगणी हवी; परंतु तिचा काठ पाण्यापासून जितका कमी उंच, तितका लाटेचे पाणी आत शिरण्याचा धोका अधिक. शिकारीचा हंगाम शरद ऋतूच्या उत्तरार्धात व हिवाळ्यात येतो. त्या वेळी पाणी इतके थंड असते की, त्यात पडलेल्या माणसाच्या हातांतील पकड काही मिनिटांतच सुटू लागते. साहजिकच जुन्या नौकेतील जे दोष उन्हाळी जलविहारात खपून जातात, ते येथे जिवावर बेततात.

या नौकांचा एक उत्कृष्ट नमुना म्हणजे न्यू जर्सी राज्यातील बार्नेगट उपसागरात वापरली जाणारी ‘स्नीकबॉक्स’ होय. वेस्ट क्रीक येथील हेझल्टन सीमन या नौकाकाराने ती १८३६ च्या सुमारास प्रथम बांधली, असे मानतात. तिची लांबी सु. ३·६ मी. व रुंदी सु. १·२ मी. असते. नाळेकडील भाग चमच्याच्या टोकासारखा गोलसर असून तळाच्या फळ्या वळत वर येऊन डेकला मिळतात. डेक मध्ये किंचित फुगीर असतो व त्यात एक माणूस आत शिरून आडवा होऊ शकेल एवढेच तोंड ठेवलेले असते. तोंडापुढे लाटेचे तुषार अडविण्यासाठी कॅनव्हासचा पडदा, पिछाडीस बनावट बदके रचण्यासाठी लाकडी कठडा, आडव्या पाडता येतील अशा वल्ह्यांच्या बैठका, शीड लावायचे असल्यास खाली सरकविता येणारी पाती व बर्फावरून ओढत नेण्यासाठी तळाला धावपट्ट्या, अशी तिची साधी पण विचारपूर्वक योजलेली सामग्री असते. नेथॅन्येल बिशप याने डिसेंबर १८७५ मध्ये पिट्सबर्ग येथून अशाच एका नौकेतून प्रयाण केले आणि ओहायओ व मिसिसिपी या नद्यांतून व पुढे मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याने सु. ४,२०० किमी. प्रवास केला. या प्रवासाचे त्याने लिहिलेले वर्णन १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या लहान नौकेने हा पल्ला गाठला, याचे बरेचसे श्रेय तिच्या बंदिस्त डेकला द्यावे लागेल. वरून आलेले पाणी आत न साचता दोन्ही बाजूंनी ओघळून जाते. त्यामुळे ठेंगणेपणाचा दोष पुष्कळसा झाकला जातो. उघड्या नौकेला हे संरक्षण नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानबांधणीतील ॲल्युमिनियमचे पत्रे व रिव्हेट यांचे तंत्र लहान नौकांच्या निर्मितीत आले आणि सपाट तळाच्या, चौकोनी नाळेच्या ‘जॉन’ नौका धातूच्या होऊ लागल्या. मूळच्या जॉन नौका मिसूरी व आर्‌कॅन्सॉ या राज्यांतील नद्यांवर लाकडाच्या बांधल्या जात. आज डागडुजीसाठी हाती येणारी जुनी नौका बहुधा ॲल्युमिनियमची असते. लाकडी नौका ही बरीचशी हौसेची व जतनाची बाब बनली आहे.

लाकडी नौकेची परीक्षा रंग खरवडण्यापूर्वी करतात. अणकुचीदार आरीने फळ्या, फासळ्या व पिछाडीची आडवी फळी ठिकठिकाणी टोचून पाहतात. निरोगी लाकूड आरीला विरोध करते. कुजलेल्या लाकडात ती लोण्यात शिरावी तशी शिरते. नौका खाऱ्या पाण्याने कुजते हा समज बरोबर नाही. खारे पाणी कुजविणाऱ्या कवकांच्या वाढीस काहीसा अडथळाच करते. खरे नुकसान होते ते डेकखाली व कोपऱ्यांत साचून राहणाऱ्या पावसाच्या पाण्याने. म्हणूनच पाण्याखालचा तळ धडधाकट आणि डेकची कड मात्र भुसभुशीत, असा प्रकार वारंवार दिसतो. कुजलेला भाग वरवर लांबी भरून झाकणे निरुपयोगी असते. तो निरोगी लाकडापर्यंत कापून काढून तिरप्या सांध्याने नवा तुकडा बसवावा लागतो. स्नीकबॉक्सच्या फळ्यांसाठी न्यू जर्सीच्या दलदलीत वाढणाऱ्या पांढऱ्या सीडारचे हलके, टिकाऊ लाकूड वापरीत. लोखंडी खिळे गंजले असल्यास त्यांच्या भोवतीचे लाकूडही काळे व ठिसूळ झालेले असते. अशा वेळी नवे खिळे जुन्या भोकांत न मारता शेजारी भोके पाडून कासे किंवा तांबे यांचे मळसूत्री खिळे वा रिव्हेट बसवितात.

फळ्यांच्या सांध्यांत कापसाचा पीळ हलक्या हाताने ठोकून वर लांबी भरतात. येथे नवशिक्याच्या हातून एक चूक हमखास होते. कोरड्या नौकेच्या फटी रुंद दिसतात, म्हणून तो पीळ गच्च ठासून भरतो. नौका पाण्यात गेली की फळ्या फुगतात आणि जागा न उरल्याने फासळ्यांपासून सुटू लागतात. बांधणी चांगली असेल, तर दीर्घकाळ कोरडी राहिलेली नौका पहिले एकदोन दिवस गळते व मग आपोआप मिटते. तळावर काचतंतूंचे आवरण चढविण्याचा मार्ग सोपा वाटतो; परंतु फळ्यांची फुगण्या-आकसण्याची हालचाल त्यामुळे थांबत नाही व आत कोंडलेला ओलावा लाकूड कुजवितो. ज्या नौकेचे आयुष्य आणखी थोडीच वर्षे अपेक्षित आहे, तिलाच हा उपाय बरा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव मोठा असतो. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यामुळे असा रंग कोरडा घासून धूळ उडविण्याऐवजी ओला करून खरवडतात.

ॲल्युमिनियमच्या नौकेतील गळती शोधण्याची रीत उलटी आहे. नौका भक्कम टेकूंवर ठेवून तिच्या आत थोडे पाणी भरतात आणि तळातून जेथे थेंब झिरपतात तेथे बाहेरून खूण करतात. पाण्याचे वजन फार असल्याने टेकू अपुरे पडले, तर तळालाच पोक येतो. सैल झालेला रिव्हेट आतून जड लोखंडी ठोकळा धरून व बाहेरून हातोडीने ठोकून पुन्हा घट्ट करता येतो. झिजलेला काढून त्याच्या जागी थोडा जाड, भरीव रिव्हेट घालतात. एका बाजूनेच बसविता येणारे पोकळ रिव्हेट सोयीचे खरे, पण बंद टोकाचे नसल्यास त्यांच्या पोकळीतूनच पाणी येते. पिछाडीच्या फळीत बसविलेले प्लायवुड हा या नौकांचा सर्वांत दुबळा भाग होय. एंजिनाचा सारा जोर त्यावर येतो आणि ते पत्र्यांच्या आड असल्याने कुजलेले दिसत नाही. एंजिन बंद ठेवून, ते वरच्या बाजूने धरून मागेपुढे हलविले असता फळी लवत असेल, तर ती बदलणे अटळ असते. नव्या प्लायवुडच्या कडा व भोके एपॉक्सीने बंद करतात. ताम्रयुक्त रसायने मुरविलेले लाकूड येथे चालत नाही. ओलाव्याच्या सान्निध्यात तांब्यामुळे ॲल्युमिनियमचे जलद संक्षारण होते. तांबे असलेला तळाचा रंगही याच कारणाने वर्ज्य ठरतो.

बैठकांखालील फेस हा आणखी एक लपलेला दोष आहे. नौका पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून तो घातलेला असतो. पण वर्षानुवर्षे ओलावा शोषून तो जड होतो व तरणशीलता देण्याऐवजी ओझे बनतो. बैठक उघडून फेसाचा तुकडा कापून पिळून पाहिल्याशिवाय त्याची खात्री होत नाही. नवा फेस बंद कोशिकांचा असावा. पॉलिस्टायरीन पेट्रोलमध्ये विरघळते, म्हणून इंधनाच्या टाकीजवळ ते घालीत नाहीत. सु. ०·०२८ घ. मी. (१ घनफूट) फेस सु. २७ किग्रॅ. भार उचलून धरतो. मात्र फेस किती आहे याइतकेच तो कोठे आहे यालाही महत्त्व आहे : तो सारा तळाशी असला, तर पाण्याने भरलेली नौका उलटते; दोन्ही कडांलगत वरच्या बाजूस व पिछाडीस असला, तर ती सरळ राहते व माणसांना धरून राहण्यास आधार मिळतो.

सज्जतेतील खरा हिशेब वजनाचा असतो. अमेरिकेत १९७१ च्या नौकासुरक्षा अधिनियमानुसार नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या, सु. ६ मी. पेक्षा कमी लांबीच्या बहुतेक मोटारनौकांवर भारक्षमतेची पट्टी लावणे बंधनकारक झाले. जुन्या नौकेवर ती नसते किंवा झिजलेली असते. अशा वेळी लांबी व रुंदी (फुटांत) यांच्या गुणाकारास १५ ने भागून माणसांची संख्या काढण्याचा आडाखा वापरतात. त्यात प्रत्येक माणूस सु. ६८ किग्रॅ. धरलेला असतो. १४ फूट लांब व ५ फूट रुंद (सु. ४·३ × १·५ मी.) नौकेसाठी उत्तर चार येते, म्हणजे २७२ किग्रॅ. आता जाड कपडे व कंबरेपर्यंतचे रबरी बूट घातलेले दोन शिकारी २०० किग्रॅ., कुत्रा ३५, बनावट बदके व त्यांच्या दोऱ्या ३०, बंदुका व काडतुसे १५, विद्युत्‌ घट २० आणि आडोशाचा सांगाडा व ओले गवत ३० किग्रॅ. धरल्यास बेरीज ३३० होते आणि एंजिन व इंधन अद्याप वेगळेच असतात. थोडक्यात, चौघांची म्हणून घेतलेली नौका दोघांतच भरते. शिवाय हा आडाखा शांत हवामानापुरता आहे. यावर उपाय म्हणून काही कसबी लोक नौका उथळ पाण्यात नेऊन वाळूची पोती रचतात, पाण्याची पातळी बाहेरून रंगाने आखतात आणि ती रेघ बुडाली की सामान उतरवतात.

उंच आडोसा, म्हणजे नळ्यांचा सांगाडा व त्यावरील जाळी, ही सर्वांत आकर्षक पण सर्वांत धोक्याची भर म्हणावी लागेल. तिने गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडवा वारा शिडावर धरावा तसा नौकेला धरतो. म्हणून सांगाडा बिजागरीवर आडवा पाडता येईल असा करून, प्रवासात तो खालीच ठेवतात. दलदलीतील वनस्पतींतून मार्ग काढण्यासाठी लुइझिॲना राज्यात लांब दांड्याची, हवेने थंड होणारी एंजिने वापरात आली. थायलंडमधील ‘लांब शेपटी’च्या नौकांशी त्यांचे साम्य आहे. ती जड असल्याने जुन्या पिछाडीला आतून कोनपट्ट्यांचा आधार द्यावा लागतो.

रंग निस्तेज असावा, एवढे पथ्य पुरे. धातूवर आधी धरून राहणारा अस्तररंग देऊन वर त्या भागातील हिवाळी गवताशी मिळता तपकिरी वा करडा-हिरवा रंग देतात. चितारलेल्या नक्षीपेक्षा त्याच दलदलीतले गवत कापून डेकवर बांधणे अधिक परिणामकारक ठरते. बदकांना रंगापेक्षा चकाकी व हालचाल आधी जाणवते. जमिनीवर खरबरीत लेप दिल्यास ओल्या बुटांखाली पाय घसरत नाहीत. बंदुका प्रवासात रिकाम्या ठेवून, कुत्र्याचा धक्का लागणार नाही अशा खोबणीत आडव्या ठेवतात.

लपण्याची मर्यादा कायद्यानेही ठरते. १९१६ च्या करारानंतर आलेल्या १९१८ च्या स्थलांतरी पक्षिविषयक अधिनियमाखाली अमेरिकेतील शिकार नियंत्रित होते. शिकारी पाण्याच्या पातळीखाली बसेल अशी ‘सिंकबॉक्स’ ही तरती खोली तसेच जिवंत बदकांचे आमिष यांवर १९३५ मध्ये बंदी आली. स्नीकबॉक्स पाण्यावर तरंगते म्हणून ती चालते. पण डागडुजीत तिची बैठक पाण्याखाली जाईल असा बदल करता येत नाही. मोटारनौकेतून गोळी झाडण्यापूर्वी एंजिन पूर्ण बंद होऊन नौकेची त्यामुळे आलेली गती थांबलेली असावी लागते. जलपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या छऱ्यांवर १९९१ मध्ये देशभर बंदी आली. १९३४ पासून शिकाऱ्यांना घ्यावा लागणारा ‘डक स्टँप’ हा पाणथळ जमिनी राखण्यासाठी निधी उभारतो. भारतात मात्र १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम व १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे रानबदकांची शिकार बंद झाली असून नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळ जागी हिवाळी बदके केवळ पाहण्यासाठी उरली आहेत.

हवामानाच्या बाबतीत ११ नोव्हेंबर १९४० चे उदाहरण अमेरिकी शिकाऱ्यांत आजही सांगितले जाते. त्या दिवशी सकाळी हवा उबदार होती व मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात अनेक शिकारी हलक्या कपड्यांनिशी लहान नौकांतून बेटांवर गेले होते. काही तासांतच वादळी वारा, बर्फ व कडाक्याची थंडी आली. मध्य-पश्चिम भागात सु. १५० माणसे दगावली व त्यांत बदकांच्या शिकाऱ्यांची संख्या मोठी होती. लाटांमुळे पुष्कळांना नौका पाण्यात घालताच आली नाही. म्हणून सज्ज नौकेत प्रत्येकासाठी अंगात घालून ठेवायचे तरंगजाकीट, पाणी उपसण्याची बादली, नांगर व पुरेसा दोर, जलरोधक डब्यात कोरडे कपडे व आगपेटी आणि एंजिन बंद पडल्यास वल्ही हे सामान बनावट बदकांच्या आधी चढवितात. तरंगजाकीट बैठकीखाली असेल, तर नौका उलटल्यावर ते हाती लागत नाही. पाण्याने भरलेले लांब बूट माणसाला तळाशी ओढतात हा समज चुकीचा आहे. बुटांतील पाण्याला पाण्यात वजन नसते, पण त्यांच्यासह नौकेत चढणे जवळजवळ अशक्य होते. यासाठी पिछाडीस एक पायरी किंवा दोराचा फास कायम बांधून ठेवतात.

पहिली चाचणी हंगामाआधी, कंबरभर पाण्यात व पूर्ण भारासह घेतात. दोन्ही माणसांना एकाच कडेला बसवून काठ किती खाली जातो ते पाहतात. कुत्र्यालाही पाण्यातून आत चढण्याचा सराव देतात. हंगाम संपल्यावर नौका पालथी घालून जमिनीपासून उंच टेकूंवर ठेवतात व निचऱ्याची बुचे काढून टाकतात. लाकडी नौका उबदार खोलीत न ठेवता थंड, हवेशीर छपराखाली ठेवतात, नाही तर फळ्या फार वाळून पुढील वर्षी पुन्हा फटी पडतात.