एक अंक, अकरा घरं

दिवाळीच्या आठवडाभर आधी पुष्पक एक्स्प्रेसने आमच्याकडे एक कापडी पिशवी येते. मुंबईहून लखनौला कुणी ना कुणी येणारं असतंच, त्याच्या सामानात सात-आठ दिवाळी अंक कोंबलेले असतात. चारबागला पिशवी उतरवून घ्यायची आणि तेलीबागेवरून वृंदावन योजनेत घरी आणायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. रायबरेली रोडलगत, संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या शेजारी, आवास विकास परिषदेने वसवलेली ही सेक्टरांची वसाहत. इथे गल्लीच्या तोंडाशी समोसे मिळतात, छठपूजेचं सूप मिळतं. मराठी पुस्तक मिळत नाही.

गेल्या वर्षी पिशवी उघडत होते तेव्हा पुण्याचा भाचा व्हिडिओ कॉलवर होता. म्हणाला, "मावशी, चौदाशे किलोमीटरवरून कागद कशाला ओढून आणतेस? ई-अंक घे ना, झाडं तरी वाचतील!" बोलला ते तळमळीने. त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, म्हणून मग वर्षभर त्या प्रश्नामागे लागले. कागद येतो कुठून, वाचनयंत्र बनतं कसं, दोन्ही शेवटी जातात कुठे, जमेल तितकं वाचलं, विचारलं.

सुरुवात लखनौतच सापडली. गोमतीच्या पलीकडे निशातगंजात 'पेपर मिल कॉलनी' नावाचा भाग आहे. तिथून कितीदा गेले असेन, पण नावाचा अर्थ कधी मनात आला नव्हता. एकोणिसाव्या शतकात तिथे अपर इंडिया कूपर पेपर मिल होती, उत्तर हिंदुस्थानातल्या पहिल्या कागद गिरण्यांपैकी एक. तिच्या उभारणीशी मुन्शी नवलकिशोर यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांनी १८५८ साली, म्हणजे बंडाचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच, या शहरात छापखाना काढला आणि उर्दू, फारसी, अरबी, संस्कृत, हिंदी अशी हजारो पुस्तकं स्वस्तात घरोघर पोचवली. गालिबसारखा कवीही त्या छापखान्याच्या लेखकांत होता. त्या काळच्या आपल्याकडच्या गिरण्यांचा कच्चा माल होता चिंध्या, जुनी पोती आणि साबई नावाचं गवत. म्हणजे पुस्तक म्हटलं की झाड पडलंच, ही समजूत निदान इतिहासाला धरून नाही. आपल्याकडे जुन्नर, दौलताबादेजवळचं कागजीपुरा आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा इथे हातकागद व्हायचा, तोही चिंध्यांच्या नि तागाच्या लगद्यातूनच.

स्वस्त कागदाचं आयुष्य मात्र बेताचंच. जुन्या बाजारात त्या काळातलं एक पुस्तक हाती आलं होतं. पान उलटताना कोपरा बोटाला लागला आणि पापडासारखा तुटून हातात आला. कागदातलं आम्ल आतून खात राहतं, वाचणाऱ्याने कितीही जपलं तरी. आज नवलकिशोर छापखान्याची कितीतरी पुस्तकं जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून जगाला खुली केली आहेत. लखनौत छापलेलं पुस्तक लखनौतल्या माझ्या पडद्यावर जर्मनीहून उघडतं. म्हणून पडद्याला सरसकट नावं ठेवायला माझं मन धजत नाही.

झाडांचा प्रश्न खरा आहे, पण तो विसाव्या शतकातला, गिरण्या बांबू आणि लाकडाकडे वळल्यानंतरचा. माधव गाडगीळ यांनी १९७५ च्या सुमारास कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला, तो प्रत्येक वाचणाऱ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. दांडेलीच्या कागद कारखान्याला सरकार बांबू देत होतं टनाला दीड रुपया या दराने. टोपल्या, सुपं विणून पोट भरणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारात शेकडो पट महाग पडत होता. बांबू संपत चालला तेव्हा बोट दाखवलं गेलं गावकऱ्यांकडे आणि त्यांच्या गुरांकडे. गाडगीळ बेटाबेटांतून हिंडले तेव्हा वेगळंच दिसलं. बांबूच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. तोडणी सोपी व्हावी म्हणून कारखान्याची माणसं ते साफ करत. बेट स्वच्छ दिसे, पण कोवळे कोंब उघडे पडत आणि गुरं, वानरं ते खाऊन टाकत. नवा बांबू येणं थांबलं ते तिथे. दीड रुपया टनाने मिळणारी वस्तू जपून वापरायची कुणाला गरजच नव्हती.

याच गोष्टीची दुसरी बाजू गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दाखवली. त्यांच्या रानातला बांबूही कागद कारखान्यासाठी तोडला जात होता. गावाने तो अडवला, अभ्यास गट बसवले, एकमताने निर्णय घ्यायची रीत लावली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला होता. २७ एप्रिल २०११ ला परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, ते द्यायला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात गेले होते. बांबू त्यानंतरही तुटतो, पण किती आणि कोणता तोडायचा ते गाव ठरवतं. कागद वाईट की चांगला याचं उत्तर मला छापखान्यात नाही, तिथे मिळालं. आज देशातला सुमारे तीन चतुर्थांश कागद रद्दीपासून बनतो. उरलेल्यात शेताच्या बांधावरचं सुबाभूळ, निलगिरी आणि उसाची चिपाडं असतात. आपल्या उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या गिरण्या बऱ्याचशा याच मालावर चालतात. पाणी आणि रसायनांचा प्रश्न तिथे आहे, तो लहान नाही. पण पुस्तकाच्या प्रत्येक पानामागे जंगल पडतं असं मानणं चूक आहे.

आता यंत्राकडे वळते. माझ्याकडे एक ई-वाचक आहे, शाईसारखा पडदा असलेला. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली त्यानंतर घेतलेला. वीज तो खातो म्हणजे किती? दीड हजार मिली-अँपिअर-तासांची बॅटरी साधारण साडेपाच वॉट-तासांची होते. एका युनिट विजेत ती शंभराहून जास्त वेळा भरते आणि एकदा भरली की आठवडे पुरते. तेव्हा चार्जिंगचा मुद्दा सोडूनच द्यावा. खरा खर्च आहे तो यंत्र जन्माला येण्याचा. खाणीतलं लिथियम, कोबाल्ट, तांबं, सोनं, चिप बनवायला लागणारं पाणी आणि वीज. २००९ मध्ये क्लीनटेक ग्रुप या अमेरिकी संस्थेने हिशेब मांडला होता: एका ई-वाचकाच्या आयुष्यभराचा कार्बन भार १६८ किलो, एका छापील पुस्तकाचा साधारण साडेसात किलो. म्हणजे तेवीसेक पुस्तकं वाचली की यंत्राने आपला भार फेडला. पुढच्याच वर्षी डॅनियल गोलमन आणि ग्रेगरी नॉरिस यांनी तापमानवाढीच्या दृष्टीने हाच आकडा शंभर पुस्तकांवर नेला. दोन्ही हिशेब अमेरिकेतले, तिथल्या कागदाचे आणि तिथल्या वाहतुकीचे. पण त्यांची दिशा आपल्यालाही लागू आहे. वर्षाला चाळीस पुस्तकं वाचणाऱ्याने यंत्र घ्यावं आणि ते पुरतं झिजेपर्यंत वापरावं. वर्षाला तीन वाचणाऱ्याने झाडांसाठी म्हणून यंत्र घेऊ नये.

आणि झिजल्यावर? २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. आमच्याच राज्यात मुरादाबादला रामगंगेच्या काठी तांबं काढण्यासाठी सर्किटचे तुकडे जाळले जात आणि राख नदीत जाई, हे वर्षानुवर्षं लिहिलं-छापलं गेलं आहे. माझ्या यंत्राची बॅटरी सहाव्या वर्षी बसली तेव्हा दुकानदार म्हणाला, "नया ले लीजिए." मी नाका हिंडोल्यातल्या एका कारागिराकडे गेले. त्याने वीस मिनिटांत मागचं झाकण उचकटून बॅटरी बदलली. यंत्र अजून चालतं आहे. त्या वीस मिनिटांनी जे वाचवलं, ते माझ्या अनेक ई-पुस्तकांनी मिळून वाचवलं नसेल.

मग माझ्या लक्षात आलं की कागद आणि पडदा हा वाद आपण चुकीच्या ठिकाणी घालतो आहोत. एक प्रत किती जणांनी वाचली, हा खरा प्रश्न आहे. साडेसात किलो कार्बन भाराचं पुस्तक दहा जणांत फिरलं तर माणशी पाऊण किलो, आणि एकदाच वाचून कपाटात बंद झालं तर सगळं एकट्याच्या माथ्यावर. इथे कागदाचं पारडं जड होतं, कारण विकत घेतलेलं बहुतेक ई-पुस्तक शेजारणीला देता येत नाही. ते आपलं नसतंच, वाचायची परवानगी तेवढी आपली. २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली. त्यापेक्षा आपल्या ई-साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य पुस्तकं किंवा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर खुले केलेले ग्रंथ हजार जणांना पाठवा, कुणी अडवत नाही. आमच्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांना ही केवढी सोय आहे, ते पुण्या-मुंबईत बसून कळायचं नाही.

पुस्तक फिरतं ठेवण्याची विद्या मराठी माणसाला जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केली. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरतात आणि काही महिन्यांनी गट पेट्या बदलून घेतात. दुबईतल्या मराठी घरांपर्यंत त्या पोचल्या. पाचगणीजवळच्या भिलारने २०१७ मध्ये आपल्या घरांचीच वाचनालयं केली. आणि ज्या लखनौत विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये संगीत महाविद्यालय उभं केलं, तिथे मराठी ग्रंथ हातोहात फिरावा यात नवल ते काय? त्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चारही भाग मूळ मराठीतच आहेत.

आम्ही काय करतो ते सांगते. पिशवीतल्या प्रत्येक अंकाच्या मलपृष्ठाच्या आत एक रेघांचा कागद चिकटवतो. वाचून झालं की नाव आणि तारीख टाकायची आणि आठ दिवसांत पुढच्या घरी द्यायचा. गेल्या वर्षीचा एक अंक होळीनंतर माझ्याकडे परत आला. कागदावर अकरा नावं होती, सातव्या नावाशेजारी हळदीचा डाग आणि नवव्यापुढे बारीक अक्षरात 'दुसऱ्यांदा वाचला'. अकरावं नाव गोमतीनगरच्या एका मुलीचं. ती इथेच जन्मलेली, मराठी अडखळत वाचते, तिने दोन महिने लावले. तिला कुणीही घाई केली नाही.

भाच्याला मी हे सगळं लिहून कळवलं आणि सोबत त्या कागदाचा फोटो पाठवला. यंदाच्या पिशवीत त्याने पुण्याहून दोन अंक जास्तीचे टाकले आहेत.

तुमच्या हातातला हा अंक वाचून झाला की रद्दीत घालू नका. मलपृष्ठाच्या आत एक कागद चिकटवा, त्यावर पहिलं नाव तुमचं लिहा आणि शेजारचं दार वाजवा.