पडलेली भिंत आणि भरपाईचा हिशेब

वळणावर ताबा सुटलेली मालमोटार घराच्या आवारभिंतीवर आदळते. चिरे ढासळतात, फाटक वाकते. सुदैवाने कोणास इजा होत नाही. चालक हात जोडतो, हजार-दोन हजार रुपये पुढे करतो, आणि शेजारी म्हणतात, ‘मिटवून टाका.’ गृहस्थाची खरी फसगत होण्याचा संभव याच घटकेस असतो. कारण दुरुस्तीस किती खर्च येईल, हे त्या वेळी कोणासच ठाऊक नसते. ‘हिशेब पुरा झाला’ अशा पावतीवर सही झाली, की पुढे तक्रारीस जागा उरत नाही.

भरपाई दयेवर ठरत नाही, ती पुराव्यावर ठरते. म्हणून ढिगारा उचलण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, वाहनाचा क्रमांक टिपावा आणि पोलिसांत नोंद करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये परक्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास चालकाने आपल्या विमा कंपनीस कळविणे बंधनकारक आहे. विम्याचा तपशील नुकसान झालेल्या व्यक्तीसही पोलिसांकडून मागता येतो.

यानंतर गवंडी व लोहार यांच्याकडून दोन-तीन लेखी अंदाज घ्यावेत. अंदाज म्हणजे कागदावर लिहिलेली ढोबळ रक्कम नव्हे. भिंतीची लांबी-उंची, चिऱ्यांची संख्या, सिमेंट, वाळू, मजुरी आणि ढिगारा हलविण्याचा खर्च वेगवेगळा दाखविलेला असावा. सर्वांना एकच काम सांगावे, नाहीतर तुलना व्यर्थ होय. पूर्वी साधी भिंत असता त्याच खर्चात नक्षीदार कठडा मागू नये. पूर्वस्थिती परत मिळणे, एवढाच भरपाईचा अर्थ आहे.

विम्याचे दोन मार्ग संभवतात. वाहनाच्या विम्यात परक्याच्या मालमत्तेसाठी सामान्यतः मोटारीस साडेसात लाख आणि दुचाकीस एक लाख रुपयांची मर्यादा असते. मात्र हप्ता वाचविण्यासाठी मालकाने ती ६,००० रुपयांपर्यंत उतरविलेलीही असू शकते. दुसरा मार्ग स्वतःच्या घरविम्याचा. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात वाहनाच्या धडकेने होणारी हानी समाविष्ट असून आवारभिंतीचाही त्यात अंतर्भाव होतो. हा मार्ग धरल्यास कंपनीस तत्काळ कळवावे आणि तिच्या सर्वेअरने पाहणी करेपर्यंत भिंत बांधू नये. धोकादायक भाग उतरविणे भाग पडल्यास आधी छायाचित्र घ्यावे. एकाच हानीची भरपाई दोन्हीकडून घेता येत नाही. तसेच कंपनीस न विचारता चालकाशी तडजोड करू नये. पैसे दिल्यावर दोषी पक्षाकडून ते वसूल करण्याचा कंपनीचा हक्क त्यामुळे बुडतो, आणि विमेदाराचा दावाही अडचणीत येतो.

वाहनमालकाच्या विमा कंपनीने दाद न दिल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. बेळगावच्या घरास कोल्हापूरची गाडी धडकली, वा वडोदऱ्याच्या घरास इंदूरची, तरी परगावी खेटे घालण्याचे कारण नाही. अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणही चालते. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर न राहता मुदतीतच अर्ज करणे हिताचे.

भिंत पुन्हा उभी करण्याचे काम गवंड्याचे. पण तिचा खर्च योग्य त्या खिशातून येण्यासाठी आधी कागदांची चळत नीट रचावी लागते.