धातुशोधक यंत्र आणि हरवलेली शिवराई

जमिनीच्या पोटांत काय दडलें आहे हें जाणण्याची इच्छा मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. आपल्याकडे कोणी पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून गुप्तधन पाहूं इच्छितात, तर कोणी अमावास्येच्या रात्रीं मांत्रिकाच्या मागोमाग माळरान तुडवितात. यांतून कोणास मोहरांचा हंडा मिळाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मांत्रिक दक्षिणा घेऊन पसार झाल्याचें मात्र पुष्कळदां ऐकलें आहे. आतां अंजनाची जागा यंत्रानें घेतली आहे. त्यास धातुशोधक यंत्र म्हणतात. असें एक यंत्र गेल्या पौष महिन्यांत आमच्या हातीं आलें. तें कसें चालतें, कोठें फसतें, आणि त्यानें आम्हांस एक दिवस कसें रडकुंडीस आणिलें, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

यंत्र आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें परदेशाहून आणून विज्ञान मंडळास कांहीं दिवस वापरावयास दिलें. कमरेइतक्या उंचीची एक दांडी, तिच्या खालच्या टोकास जेवणाच्या ताटाएवढी चपटी तबकडी, वरच्या टोकास मुठीजवळ एक लहानशी पेटी व तिच्यावर पांच खटके, असें त्याचें रूप. माहितीची पुस्तिका वाटेंत कोठें तरी गहाळ झाली होती. खटक्यांवर अक्षरें नव्हतीं, नुसतीं चित्रें होतीं. त्यांतील एक चित्र खिळ्याचें होतें, आणि त्याच खिळ्यानें पुढें आमचा घात केला.

यंत्र आल्याचें कळतांच मुलांचा पहिला आग्रह कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचा. इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण घेतलें. पुढें खाडीकांठीं हा किल्ला बांधतांना पायांत विपुल द्रव्य सांपडलें असें लोक सांगतात. "तेथें अजून कांहीं तरी उरलें असेल, सर!" असें एकजण म्हणाला. उरलें असो वा नसो, तेथें कुदळ घेऊन जाण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें आम्हीं त्यास सांगितलें. संरक्षित स्मारकांच्या आवारांत परवानगीवांचून खणण्यास कायद्याची बंदी आहे. इतरत्र जमिनींत पुरलेलें धन सांपडलें तरी तें ज्याच्या हातीं लागलें त्याचें होत नाहीं. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचें धन सांपडल्यास जिल्ह्याच्या कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. चौकशीअंतीं तें बेवारस ठरलें, व शोधणारा आणि जमिनीचा मालक यांच्यांत वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्यास व एक हिस्सा मालकास मिळतो. सरकारास हवें असल्यास धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन तें घेतां येतें. जो लपवील त्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पालकांनींहि हें ध्यानांत ठेवावें, कारण घराचा पाया खणतांना असा प्रसंग मुलांवर नव्हे, त्यांच्यावरच यावयाचा.

तेव्हां धन आपणच पुरावें व आपणच शोधावें, असें ठरलें. आठवीच्या वर्गांतील एका मुलाच्या आजोबांचें शेत टिटवाळ्याजवळ काळू नदीच्या अंगास आहे. भात कापून झालें होतें. एका कोपऱ्यांत वाल पेरला होता, बाकीचें शेत मोकळें होतें. आम्ही दोन शिक्षक व वीस विद्यार्थी ठाण्यास सकाळची गाडी धरून, डोंबिवली, कल्याण, शहाड, आंबिवली अशीं स्थानकें मागें टाकीत, नऊच्या सुमारास टिटवाळ्यास उतरलों.

पुरण्यासाठीं पांच वस्तू नेल्या होत्या: पितळेचें फुलपात्र, चांदीचें जोडवें, बैलाच्या पायाचा नाल, शीतपेयाचा चेपलेला ॲल्युमिनियमचा डबा आणि एक चलनी रुपया. सहावी वस्तु आजोबांनीं आपण होऊन देव्हाऱ्यांतून काढून दिली. ती होती शिवराई. महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, चालू झालेलें हें तांब्याचें नाणें. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशीं अक्षरें. त्या घरीं ती दर दिवाळींत लक्ष्मीपूजनास मांडीत. "पोरांना खरें नाणें शोधूं द्या, गुरुजी," असें आजोबा म्हणाले. आम्हीं नको म्हणावयास पाहिजे होतें. पण मोह अनावर झाला. अर्ध्या मुलांनीं नदीकडे तोंड केलें, उरलेल्यांनीं साऱ्या वस्तू वीतभर खोल पुरून वर ढेकळें सारखीं केलीं.

आतां यंत्राची रीत सांगतों. तबकडीच्या आंत तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं असतात. पहिल्यांतून विजेचा प्रवाह सेकंदास कित्येक हजार वेळां उलटसुलट फिरविला जातो. त्यामुळें तबकडीखालचें चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगानें पालटत राहतें. या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला म्हणजे त्याच्या अंगांत पाण्यांतील भोंवऱ्यांसारखे लहान लहान प्रवाह उत्पन्न होतात, आणि ते आपलें स्वतःचें एक क्षीण क्षेत्र उभें करितात. दुसरें वेटोळें पहिल्याच्या आवाजास बहिरें राहील अशा बेतानें बसविलेलें असतें. त्यास ऐकूं येतो तो हा धातूचा प्रतिसाद. तो आला कीं पेटी शिटी देते. प्रतिसाद येण्यास जो अत्यल्प विलंब लागतो तो धातूगणिक निराळा असतो; चांदी-तांब्याचा एक, लोखंडाचा दुसरा. त्यावरून यंत्र धातूची जात ओळखूं पाहतें. 'ओळखूं पाहतें' हे शब्द आम्हीं मुद्दाम योजिले आहेत.

पहिला अर्धा तास यंत्र अखंड किंचाळत होतें. जिकडे तबकडी न्यावी तिकडे धन! हें धन म्हणजे आपल्या जमिनीचा काळा पाषाण, असें मागाहून उमगलें. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या रसानें जें पठार व जो सह्याद्रि घडला, त्या दगडांत लोहाचें एक चुंबकीय खनिज बारीक कणांनीं मिसळलेलें आहे, आणि दगड झिजून झालेल्या मातींतहि तें उतरलें आहे. एका मुलानें चुंबक दोऱ्यास बांधून वाफ्यांतून ओढला, तेव्हां त्यास काळ्या कणांची दाट मिशी फुटली. अशा जमिनींत यंत्रास प्रथम मातीची ओळख करून द्यावी लागते. नेमका खटका दाबून तबकडी निर्मळ जागीं चार-सहा वेळां खालीं-वर केली म्हणजे मातीचा प्रतिसाद कोणता हें यंत्र समजतें व पुढें तेवढा वजा करितें. हा खटका कोणता, हें शोधण्यांत दहा वाजले. मग कोणाच्या खिशांतला मोबाइल, कोणाच्या मनगटांतलें कडें, शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारा, या सर्वांनीं यंत्रास थोडथोडें बडबडावयास लाविलें. तेंहि एकेक करून निस्तरलें.

आतां गंजके खिळे व पत्र्याचे तुकडे छळूं लागले. ते टाळावे म्हणून आम्हींच खिळ्याच्या चित्राचा खटका दाबिला. लोखंडाकडे दुर्लक्ष कर, असा त्याचा अर्थ. यंत्र शांत झालें. फुलपात्र सांपडलें, जोडवें सांपडलें, आणि ॲल्युमिनियमचा डबा तर चांदीच्याच तोऱ्यांत ओरडला. नाल अर्थातच मुका राहिला. रुपयाहि मुका राहिला, तेव्हां मुलें चकित झालीं. पण हल्लींचा रुपया बहुतांशीं लोखंड असलेल्या पोलादाचा आहे, हें सांगतांच उलगडा झाला. तांब्याची शिवराई मात्र बोलावयास हवी होती. ती बोलेना.

दुपारीं भाकरी खातांना मुलांनीं विचारिलें कीं, आपल्या ठाण्याकडे खरोखर कधीं कांहीं निघालें आहे काय? निघालें आहे. ठाण्याच्या किल्ल्यांत, जेथें आज तुरुंग आहे तेथें, १७८७ मध्यें नव्या कामाचा पाया खणतांना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सांपडला. तो शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा. त्याचें भाषांतर लगेच पुढच्या वर्षीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच ग्रंथांत प्रसिद्ध झालें. आणि सोपारें येथें, जें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे, १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं एक स्तूप उघडला. लोक त्या टेकाडास बुरुड राजाचा कोट म्हणत. आंत विटांच्या कोठडींत दगडी करंडा, त्यांत तांब्याचा, त्यांत चांदीचा, त्यांत पाषाणाचा, त्यांत स्फटिकाचा आणि सर्वांत आंत सोन्याचा; भोंवतीं बुद्धाच्या आठ धातुमूर्ति; सोन्याचीं फुलें; आणि यज्ञश्री सातकर्णीचें एक चांदीचें नाणें. सोन्याच्या डबींत होते मातीच्या पात्राचे बारीक तुकडे. एवढे सारे करंडे त्या खापरांसाठीं!

आमच्या यंत्रास नाण्याएवढी वस्तु जेमतेम वीतभर खोलीवर ऐकूं येते. सोपाऱ्याच्या त्या कोठडीवर तें दिवसभर फिरविलें असतें तरी त्यानें हूं कीं चूं केलें नसतें. पंडितजींजवळ यंत्र नव्हतें; शिलालेख वाचण्याची विद्या होती, आणि टेकाडाचा घाट पाहून आंत स्तूप आहे हें ओळखणारी दृष्टि होती. कोणता करंडा कशांत होता, कोणती मूर्ति कोणत्या दिशेस होती, हें त्यांनीं टिपून ठेविलें म्हणून आज आपणांस सांगतां येतें. हें सर्व आम्ही मोठ्या रसानें सांगत होतों. आजोबांचा नातू मात्र भाकरीचा तुकडा हातांत तसाच धरून शेताकडे पाहत बसला होता.

त्याचें पाहणें आम्हांस बोंचलें, कारण पंडितजींची थोरवी गाणाऱ्या आम्हीं सहा वस्तू पुरल्या आणि एकीचीहि जागा टिपून ठेविली नव्हती. पुरणाऱ्यांपैकीं एक म्हणे, "बांधापासून दहा पावलें, पळसासमोर." दुसरा म्हणे, "तो पळस नव्हे, पलीकडचा." दोन तास गेले. अखेर दोऱ्या ताणून शेताचे पट्टे पाडिले व एकेक पट्टा तपासला. तरी शिवराई नाहीं. आजोबा बांधावर बसून होते. "मिळेल, मिळेल," असें ते म्हणत. पण त्यांनीं तंबाखूची चंची दोनदां उघडून तशीच मिटली, हें आम्हीं पाहिलें.

अशा वेळीं आम्हांस बेलसाहेबांची फजिती आठवली. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरांत कोठें रुतली आहे हें कळेना. तेव्हां टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं ती शोधण्यास आमच्या यंत्राचा पूर्वजच म्हणावें असें एक साधन घाईनें सिद्ध केलें. प्रयोगशाळेंत तें उत्तम चाले. रुग्णाच्या अंगावर धरितांच जिकडे तिकडे गुणगुणूं लागे. बिछान्याखालीं पोलादी तारांची दुसरी गादी होती, हें बेल यांस मागाहून कळलें. शिवाय डॉक्टरांनीं उजवीच बाजू तपासूं दिली, आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला अध्यक्ष निवर्तले.

आपल्या शेताच्या गादीखालीं कोणती तार आहे? असा विचार करितां त्या खिळ्याच्या खटक्याकडे लक्ष गेलें. तांब्याशेजारीं लोखंड असलें तर तबकडीस दोघांचा एकत्र आवाज ऐकूं येतो. लोखंड ऐकूं नको म्हणून यंत्रास बजाविलें असतां तें त्या जागीं तोंडच मिटतें, आणि शेजारच्या तांब्याचाहि आवाज त्यांत बुडतो. आम्हीं खटका मोकळा केला. गंजक्या खिळ्यांचा गलबला पुन्हां सुरू झाला. पट्टे पुन्हां पहिल्यापासून चाललों, या खेपेस प्रत्येक जागीं तबकडी आडवी व उभी अशी दोन्ही अंगांनीं फिरवीत. पलीकडच्या पळसासमोर एका जागीं आडवी फिरविल्यास नुसती घोगरी गुरगुर येई. उभी फिरवितांच गुरगुरीच्या शेपटास एक बारीक, उंच सूर लागला. मुलानें खुरप्यानें माती सारली. प्रथम बैलगाडीचा जुना जाडजूड खिळा निघाला, आणि त्यापासून दोन बोटांवर शिवराई. त्यानें ती सदऱ्याच्या खिशांत घातली, खिशावर हात दाबून धरिला, आणि घरीं पोहोंचेपर्यंत तो हात काढिला नाहीं.

निघण्यापूर्वीं दोन्ही पळस, बांध, विहीर आणि सहा खड्डे यांचीं अंतरें फितीनें मोजून मुलांनीं वहींत नकाशा काढिला. खिळ्याची जागाहि त्यांत आहे. नकाशा आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लाविला आहे. पालकांनीं अवश्य पाहावा.

घरीं आजींनीं नाणें हातीं घेऊन चिंच मागविली. जुनें नाणें घांसूं नये, आम्लानें त्यावरील अक्षरें झिजतात, असें आम्हीं नम्रपणें सुचविलें. "अहो गुरुजी, पन्नास वर्षें दर दिवाळीस मीच घांसतें आहे," असें त्या म्हणाल्या. आम्हीं नाणें उजेडांत धरून पाहिलें. 'श्री' व 'शिव' स्पष्ट होते. 'राजा' मधला 'जा' चिंचेनें पुरता खाल्ला होता.