पळत्या दिव्यांतून सूर

गणेशोत्सवात गडहिंग्लजच्या बाजारपेठेतून फिरताना मंडपांच्या कमानींवर दिवे पळताना दिसतात. दिवे अर्थातच जागचे हलत नाहीत. एक विझतो आणि शेजारचा लागतो, इतकेच. अशी आरास ज्यांनी स्वतः हाताने जोडली आहे, त्यांना दोन आयसींचे क्रमांक तोंडपाठ असतात: ५५५ आणि ४०१७. पहिली ठरावीक अंतराने ठोके देते. दुसरी ते ठोके मोजते आणि प्रत्येक ठोक्याला आपल्या दहा निर्गमांपैकी पुढच्या निर्गमावर व्होल्टेज आणते.

या परिपथात दिव्यांच्या जागी सूर बसवले, की संगीतातला सीक्वेन्सर तयार होतो. १९७० च्या दशकात बर्लिनमधल्या टँजरीन ड्रीम या चमूने आणि क्लाउस शुल्झे या वादकाने जे ‘अवकाश संगीत’ लोकप्रिय केले, त्याचा पाया असाच एक मोजणारा परिपथ होता. आज संगणकाच्या काळातही जुन्या धर्तीचे असे संगीत मुद्दाम रचणारे अनेक जण आहेत. ते त्या जुन्या यंत्रांकडे का वळतात, याचे उत्तर आम्हाला भौतिकशास्त्रात सापडते.

रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने १९६४ साली जो सिंथेसायझर तयार केला, त्यात सुराची उंची व्होल्टेजने ठरत असे. नियम सोपा होता: एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक चढतो. येथे वर्गात थोडे थांबायला हवे. एका षड्जाची वारंवारता २२० असेल, तर पुढचे षड्ज ४४०, ८८०, १७६० असे येतात. कानाला या पायऱ्या सारख्या वाटतात, पण आकडे दर वेळी दुप्पट होत जातात. म्हणजे बेरजेने वाढणाऱ्या व्होल्टेजचे रूपांतर गुणाकाराने वाढणाऱ्या वारंवारतेत करायला हवे. लॉगॅरिदम शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. हे रूपांतर ट्रान्झिस्टर आपल्या स्वभावानेच करतो. त्याच्या बेस व एमिटरमधले व्होल्टेज नेहमीच्या तापमानाला सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढले, की त्यातला प्रवाह दुप्पट होतो.

मूगच्या ९६० क्रमांकाच्या सीक्वेन्सरवर आठ-आठ बटनांच्या तीन ओळी होत्या. प्रत्येक बटन फिरवून एकेका पायरीचे व्होल्टेज ठरवायचे आणि ठोके सुरू करायचे. आठवी पायरी झाली की पुन्हा पहिली. आपल्याकडे आवर्तन पूर्ण करून समेवर येणे ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रिका केली. तीत रोलँड कंपनीचा टीबी-३०३ होता. त्याच्यात सोळा पायऱ्यांचा सीक्वेन्सर असतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची सोयही असते. मींडेची सवय असलेल्या कानाला ती सोय ओळखीची वाटली तर नवल नाही. ही ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले श्रोते चकित झाले, कारण याच यंत्रावर उभे राहिलेले शिकागोचे ‘ॲसिड हाऊस’ संगीत १९८७ चे. सिंग यांचे वादन अवकाश संगीत नव्हे, त्याची लय त्यासाठी फारच धावती आहे. पण राग आणि सीक्वेन्सर यांचे पटते हे त्यांनी दाखवून दिले.

अवकाशाची कल्पना शोधायची तर अहमदाबादला जावे लागते. तेथील राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा अशा मंडळींनी त्यावर रचना केल्या. जिनराज जोशीपुरा या तरुणाने आपल्या रचनेला ‘स्पेस लायनर २००१’ असे नाव दिले. माणूस चंद्रावर उतरला तो याच सुमारास. या फिती पुढे अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांचा संच प्रसिद्ध झाला. इतका काळ आपल्यापैकी कोणालाच त्यांची आठवण होऊ नये, याची खंत वाटते.

खरे तर अवकाशात ध्वनी नाही, कारण तेथे ध्वनी वाहून नेणारे माध्यमच नाही. मग हे सूर ‘अवकाशातले’ का वाटतात? आमच्या मते याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे संथपणा. तीच आठ सुरांची साखळी फिरत राहते आणि फिल्टर हळूहळू उघडत जाऊन तिचा रंग तेवढा बदलतो. दुसरे कारण यंत्राच्या दोषातून येते. ट्रान्झिस्टरचे ते १८ मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात. खोली तापली की सूर सरकतो. टँजरीन ड्रीमच्या ‘फीड्रा’ या १९७४ च्या रचनेत असे सरकलेले सूर तसेच राहिले आहेत. दोन आंदोलकांपैकी एक २२० वर आणि दुसरा २२०.५ वर असेल, तर दर दोन सेकंदांनी एक विस्पंद ऐकू येतो आणि आवाज श्वास घेतल्यासारखा वाटतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांत असा किंचित फरक राहिला, तर तेथेही हाच विस्पंद ऐकू येतो. संगणकाचे सूर असे सरकत नाहीत. म्हणून जुन्या धर्तीच्या आज्ञावल्यांत थोडी चूक मुद्दाम घातलेली असते!

हे शाळेत करून पाहता येते. ४०१७ चा नववा निर्गम (पाय ९) रीसेटला (पाय १५) जोडला की आठच पायऱ्या उरतात. या आठ निर्गमांना प्रत्येकी एक ५० किलोओहमचा प्रीसेट आणि एक डायोड जोडावा. डायोडची दुसरी टोके एकत्र करून १० किलोओहमच्या रोधकातून दुसऱ्या ५५५ च्या सातव्या पायाला न्यावीत. सातव्या व सहाव्या पायांमध्ये १० किलोओहमचा रोधक आणि सहाव्या पायापासून भूमीपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र लावावा. सहावा व दुसरा पाय एकमेकांना जोडावेत. ९ व्होल्टच्या बॅटरीवर प्रीसेट शून्यावर असताना सूर ४३० च्या आसपास लागतो. प्रीसेट ३० किलोओहमवर नेला की तो २१० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सप्तकभर खाली येतो. येथे सूर रोधाने ठरतो, मूगसारखा व्होल्टेजने नाही, हा फरक मुलांना जरूर सांगावा. धारित्र आधी स्वस्तातला सिरॅमिक चकतीचा लावा आणि तापलेली सोल्डरिंग इस्त्री त्याच्याजवळ, न टेकवता, धरा. सूर सरकू लागतो, बहुधा वर. मग त्याच जागी पॉलिएस्टरचा धारित्र लावून तीच इस्त्री पुन्हा जवळ न्या.